लुईव्हिल स्लगर : बॅटवरचा छाप वाचायचा कसा?

रंधा (धागाकर्ता)

क्रिकेट बॅटच्या धाग्यावर विलोबद्दल बोलता बोलता बेसबॉलच्या बॅटचा विषय निघाला आणि अवांतर फार वाढलं, म्हणून हा वेगळा धागा. विषय एकाच कंपनीचा : अमेरिकेतल्या केंटकी राज्यातली हिलरिच अँड ब्रॅड्सबी आणि तिची लुईव्हिल स्लगर ही बॅट. (गावाचं नाव तिथली माणसं निम्मं गिळून 'लूव्हल' असं काहीसं म्हणतात. आपण लिहिताना लुईव्हिलच ठेवू.)

या बॅटच्या साधारण मध्यावर एक लंबगोल छाप असतो. बघणाऱ्याला ती जाहिरात वाटते. प्रत्यक्षात त्यावरून तीन गोष्टी कळतात : बॅट कोणत्या काळातली, कोणत्या प्रतीची, आणि चेंडू तिच्या कोणत्या अंगावर घ्यायचा. तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची, आणि तीच लोकांना माहीत नसते.

आधी थोडा इतिहास. दुकान मूळचं खेळाच्या सामानाचं नव्हतंच. हिलरिच कुटुंब १८४२ मध्ये जर्मनीतून बाल्टिमोरला आलं आणि तिथून लुईव्हिलला गेलं. जे. फ्रेडरिक हिलरिच यांनी १८५०च्या दशकात लाकूडकामाचा कारखाना टाकला. माल म्हणजे पलंगाचे खांब, जिन्याच्या कठड्याचे कातलेले दांडे, बोलिंगचे गोळे आणि झोक्यासारखं हलवून लोणी काढायचं यंत्र. आपल्या सावंतवाडीच्या कातारी कामाचा थोरला भाऊ म्हणा हवं तर.

त्यांचा मुलगा जॉन अँड्र्यू, म्हणजे बड, बेसबॉलचा शौकीन. कंपनी सांगते ती गोष्ट १८८४ ची. लुईव्हिल एक्लिप्स संघाचा पीट ब्राउनिंग फॉर्म हरवून बसला होता आणि त्यात त्याची बॅट मोडली. सतरा वर्षांच्या बडने त्याला कारखान्यात आणून लेथवर नवी बॅट कातून दिली, आणि दुसऱ्या दिवशी ब्राउनिंगने तीन हिट मारले. मग इतर खेळाडू कारखान्याच्या दारात यायला लागले. वडील मात्र वैतागले. त्यांच्या मते भविष्य लोणी काढायच्या यंत्रात होतं, बॅट म्हणजे पोराटोरांचा खेळ.

सुरुवातीला बॅटचं नाव 'फॉल्स सिटी स्लगर' होतं, कारण ओहायो नदीवरच्या धबधब्यांमुळे लुईव्हिलला फॉल्स सिटी म्हणत. १८९४ मध्ये 'लुईव्हिल स्लगर' हे नाव नोंदलं गेलं. १८९७ मध्ये बड भागीदार झाला आणि पाटी बदलून 'जे. एफ. हिलरिच अँड सन' झाली. लेथवर लाकडाचा मध्य अचूक धरायचं साधन आणि आपोआप घासणारं यंत्र त्यानेच तयार केलं. १ सप्टेंबर १९०५ रोजी होनस वॅग्नर या खेळाडूने आपली सही बॅटवर छापायला परवानगी देणारा करार केला. खेळाडूने पैसे घेऊन खेळाच्या वस्तूला नाव देण्याचा हा पहिला करार मानतात. वॅग्नर आधी लुईव्हिलच्याच संघातून खेळलेला, म्हणजे ओळख घरचीच होती.

१९११ मध्ये फ्रँक ब्रॅड्सबी आले. ते सेंट लुईसच्या सिमन्स हार्डवेअरमधले विक्रीतले माणूस, लाकडाशी संबंध शून्य. पण बॅट देशभरच्या दुकानांत कशी पोचवायची हे त्यांना कळत होतं. १९१६ मध्ये कंपनीच्या नावात त्यांचं नाव लागलं.

आता छापाकडे. नेहमीच्या जुन्या छापात मधल्या लंबगोलात कंपनीचं नाव, 'मेड इन यू. एस. ए.' आणि गावाचं नाव. आजूबाजूला ब्रँडचं नाव आणि '१२५' हा आकडा. हा आकडा वजनाचा नाही, लांबीचा नाही, किमतीचाही नाही. तो कंपनीच्या वरच्या प्रतीच्या मालाचा क्रमांक. लंबगोलाच्या उजवीकडे 'पॉवराइज्ड' असा शब्द असेल तर बॅट १९३०च्या दशकातली किंवा त्यानंतरची.

प्रश्न विचारा, जमेल तसं लिहितो. लाकडाबद्दल 'घडीव' यांनी लिहावं ही विनंती.

शंकासुर

लेख आवडला, पण ब्राउनिंगची गोष्ट इतक्या सरळ सांगू नका. ती कंपनीने पुढे जाहिरातीत घासूनपुसून चकचकीत केलेली आख्यायिका आहे. पहिल्या बॅटचा मान सेंट लुईसच्या आर्ली लॅथमकडे देणारी वेगळी हकीकतही आहे. त्यातही मोडकी बॅट, तोच कारखाना आणि तोच तरुण, फक्त खेळाडू दुसरा.

ब्राउनिंग मात्र खराच अवलिया. कारकीर्दीची सरासरी .३४१, म्हणजे हजार प्रयत्नांत ३४१ हिट. बॅटांना नावं ठेवायचा. त्यामुळे गोष्ट त्याला चिकटली यात नवल नाही.

रंधा

मान्य, म्हणूनच 'कंपनी सांगते' असं लिहिलं. कोणाची बॅट पहिली हे सुटो न सुटो, १८८०च्या दशकात त्या कारखान्यात लेथवर बॅट कातायला लागले आणि दहा वर्षांत नाव नोंदवण्याइतका धंदा झाला, एवढं पक्कं.

घडीव

रंधाभाऊंनी नाव घेतलंच आहे तर लाकडाचं लिहितो. लांबेल.

जुनी बॅट अॅश या झाडाच्या लाकडाची. त्याआधी हिकरीचं लाकूडही वापरत, पण हिकरी फार जड. बेब रूथ या गाजलेल्या खेळाडूच्या काळात ४० औंसांच्या वरच्या बॅटा सर्रास होत्या, आज ३१ ते ३३ औंस नेहमीचं. वजन उतरलं तशी हिकरी गेली.

अॅशच्या ओंडक्यातून आधी लांब गोल दांडा काढतात, लांबी साधारण ३७ ते ४० इंच आणि व्यास पावणेतीन इंचांच्या आसपास. चांगल्या मालाचा ओंडका करवतीने न कापता पाचर मारून फोडत. कारण फोडलं की लाकूड आपल्या रेषेने फुटतं आणि दांड्यातली रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ मिळते. करवतीला रेषेशी देणंघेणं नसतं, ती वाटेल तिथून तिरकी जाते. तिरकी रेषा म्हणजे मुठीपाशी मोडायचं आमंत्रण.

दांडा भट्टीत वाळवून ओलावा १० टक्क्यांच्या आसपास आणतात. घाई केली तर बाहेरचा थर आधी आकसतो, आत ओल राहते आणि टोकाला चिरा पडतात. म्हणून टोकांना मेण किंवा रंग लावून तिथून पाणी सावकाश जाईल असं बघतात.

मग वजन करून प्रतवारी, आणि खरी मेख इथेच. बॅटचा आकार ठरलेला असतो, त्यामुळे तयार बॅट किती भरेल हे दांड्याच्या वजनावर ठरतं. हिशोब बघा : ३७ इंच लांब आणि पावणेतीन इंच व्यासाचा अॅशचा दांडा साधारण ८५ औंस, म्हणजे २.४ किलो भरतो. त्यातून ३२ औंसांची, म्हणजे ९०७ ग्रॅमची बॅट निघते. साठ टक्क्यांहून जास्त माल भुशात. हलकी बॅट मोठ्या पोटाची (पोट म्हणजे चेंडू लागतो तो जाड भाग) हवी असेल तर हलकाच दांडा शोधावा लागतो, नंतर रंधून वजन उतरवता येत नाही.

कातणं : पूर्वी कारागीर समोर नमुन्याची बॅट ठेवून, जागोजागी कॅलिपरने मोजत, पटाशीने हाताने काते. एका बॅटला वीसेक मिनिटं. आता सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या लेथला मिनिटभरही लागत नाही. मोठे खेळाडू किती काटेकोर असत याचा नेहमीचा दाखला टेड विल्यम्सचा. मुठीच्या जाडीत इंचाच्या पाच हजारांशाइतका फरक पडला म्हणून त्याने बॅटा परत पाठवल्याचं सांगतात. पाच हजारांश म्हणजे ०.१३ मिलिमीटर, साध्या कागदापेक्षा किंचित जास्त.

दोन्ही टोकांना लेथवर धरायला ठेवलेले खुंट शेवटी कापतात, टोकं घासतात, मग छाप. अॅशवर तापवलेल्या धातूच्या ठशावरून बॅट लोळवतात. अक्षरं काळी दिसतात ती शाईने नव्हे, लाकूड करपून. नखाने चाचपलं तर खड्डा लागतो.

किरमिजी

वा! वाचनखूण साठवली. पण मूळ प्रश्न राहिलाच की. छाप वर ठेवायचा, असं प्रशिक्षक मुलांना सांगतात ते का?

घडीव

हो, तेच राहिलं.

अॅश जवळून बघा. झाड दरवर्षी एक वलय वाढतं. वसंतात वाढलेला भाग मोठ्या छिद्रांचा, स्पंजासारखा. उन्हाळ्यात वाढलेला घट्ट. म्हणजे बॅट ही मऊ आणि कडक थरांची चळत. जाड वही डोळ्यांसमोर आणा. वहीच्या मुखपृष्ठावर ठोसा मारला तर पानं दबतात, सरकतात, एकमेकांपासून सुटतात. तीच वही उभी धरून पानांच्या कडेवर मारलं तर सगळी पानं मिळून मार घेतात.

अॅशचं तसंच. चेंडू थरांच्या कडेवर, म्हणजे जिथे बारीक समांतर रेघा दिसतात तिथे लागला पाहिजे. जिथे रेषा रुंद कमानींसारख्या, डोंगराच्या नकाशासारख्या दिसतात ते झालं मुखपृष्ठ. कारखाना छाप मुद्दाम या मुखपृष्ठावर मारतो. छाप आभाळाकडे किंवा जमिनीकडे ठेवला की चेंडू आपोआप कडेवर येतो. छापावरच चेंडू घेतला तर दोन गोष्टी होतात. पोटावरचे थर पापुद्र्यासारखे सुटायला लागतात, आणि मूठ मोडायची शक्यता वाढते.

पापुद्रे अॅशला कधी ना कधी सुटतातच. ते लांबवायला पोट हाडाने घासायचं. गुरांचं कडक हाड घट्ट बसवून त्यावर बॅट दाबून, रेषेच्या दिशेने पुढेमागे ओढायची. मऊ थराची छिद्रं दबून पृष्ठभाग चकाकायला लागतो. जुन्या स्लगरवर 'बोन रब्ड' असे शब्द छापलेले सापडतात ते यावरूनच. हाड नसेल तर काचेची जाड बाटलीही चालते, मात्र फुटेल इतकी दाबू नका. आडवं घासू नका, तंतू उचकटतात.

एका इंचात किती वलयं हेही बघतात. अॅशला ८ ते १२ चांगली मानतात. फार दाट असली तर मऊ थरांची संख्या वाढते, त्यामुळे 'जितकी दाट तितकी उत्तम' हे खरं नाही.

सुतारपक्षी

घडीव यांच्या प्रतिसादाला +१, पण एक मोठी पुरवणी. हे सगळं फक्त अॅशला लागू. मेपलची बॅट असेल तर उलटं. इथे बरेच जण फसतात.

१९९० च्या दशकाच्या शेवटी ओटावाच्या सॅम होल्मन यांनी मेपलच्या बॅटा मोठ्या लीगमध्ये (अमेरिकेतली सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धा) नेल्या. २००१ मध्ये बॅरी बॉन्ड्सने मेपलने एका हंगामात ७३ होमरन (आपल्या षटकारासारखे फटके) मारले आणि मग झुंबड उडाली. हिलरिच अँड ब्रॅड्सबीलाही मेपलकडे वळावं लागलं. मेपलची छिद्रं बारीक आणि सगळ्या वलयात सारखी पसरलेली, त्यामुळे पापुद्रे सुटत नाहीत, पृष्ठभाग कडक राहतो.

गोम अशी की अॅशमध्ये रेषा तिरकी गेली तर डोळ्यांना दिसते, मेपलमध्ये जवळजवळ दिसतच नाही. तिरक्या रेषेची मेपल बॅट मुठीपाशी तिरकी चिरते आणि पुढचा अणकुचीदार तुकडा भाल्यासारखा उडतो. २००८ च्या हंगामात हे इतकं वाढलं की लीगने मॅडिसनच्या सरकारी वनोत्पादन प्रयोगशाळेकडून तपासणी करवली. जुलै ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत मोडलेल्या २,२०० हून अधिक बॅटा गोळा झाल्या, त्यातल्या ७५० हून अधिक दोन किंवा जास्त तुकडे होऊन फुटलेल्या. मुख्य दोषी : रेषेचा तिरकेपणा.

त्यातून आलेली शाईची चाचणी घरी करून बघता येते. मुठीच्या भागावर, पॉलिश नसलेल्या जागी, रुंद रेषांच्या अंगाला पातळ शाईचा एक थेंब सोडा. शाई लाकडाच्या नळ्यांतून बारीक रेघ होऊन पसरते. ती रेघ आणि बॅटची लांबी यांतला कोन ३ अंशांच्या आत हवा. कोनमापक नको : ३ अंश म्हणजे सुमारे वीसास एक. शाई एक इंच पसरली तर ती बाजूला सव्वा मिलिमीटरपेक्षा जास्त सरकता कामा नये. आजही मोठ्या लीगच्या मेपल बॅटच्या मुठीवर एक काळा ठिपका दिसतो, तो हाच.

दुसरा बदल छापाचा. मेपलमध्ये पापुद्र्याची भीती नाही आणि मुखपृष्ठाच्या अंगावर ती जास्त मार सोसते, असं निघालं. मग मेपल आणि बर्च (हेही एक झाड) यांच्या बॅटवर छाप ९० अंशांनी फिरवून कडेवर मारायला लागले. म्हणजे खेळाडूची सवय तीच, छाप वर. चेंडू मात्र आता मुखपृष्ठावर येतो. या सगळ्या उपायांनी बॅट फुटून तुकडे उडण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं.

त्यामुळे २००९ च्या आधीची मेपल बॅट हातात आली तर छापावर विसंबू नका, रेषा बघा.

किरमिजी

म्हणजे छाप तिथल्या तिथे, लाकूड आतून फिरवलं! भारीच.

ओहायोकाठ

संग्रहालयाबद्दल कोणी लिहिलं नाही. १९७०च्या दशकात कारखाना नदीपलीकडे इंडियाना राज्यातल्या जेफरसनव्हिलला गेला होता. म्हणजे बरीच वर्षं लुईव्हिल स्लगर लुईव्हिलमध्ये बनतच नव्हती. १९९६ मध्ये परत आणून वेस्ट मेन स्ट्रीटवर कारखाना आणि संग्रहालय एकाच इमारतीत केलं. दारात १२० फुटांची, ६८,००० पौंडांची पोलादी बॅट भिंतीला टेकवून ठेवली आहे. ती रूथच्या आर४३ नमुन्याची मोठी प्रत.

आत रूथची १९२७ ची एक बॅट आहे. त्या बॅटने मारलेल्या प्रत्येक होमरनला त्याने छापाभोवती एक खाच केली, अशा २१ खाचा. काचेतून बघताना आधी साधा छापच दिसतो, मग त्याच्या कडेने कोरलेल्या बारीक रेघा लक्षात येतात. एका भागात खेळाडूंच्या मूळ नमुन्यांचे दांडे रचून ठेवलेत, नवा खेळाडू आला की त्यावरूनच माप घ्यायचं.

रंधा

बरं झालं नमुन्यांचा विषय काढलात, कारण जुनी बॅट ओळखताना तो लागतो. पद्धत सोपी : आडनावाचं पहिलं अक्षर आणि त्या अक्षरातला कितवा नमुना. आर४३ म्हणजे आर आडनावाच्या खेळाडूंसाठी केलेला ४३ वा. गंमत अशी की नमुना एकाच्या नावाचा आणि प्रसिद्धी दुसऱ्याच्या. सी२७१ होजे कार्डिनालसाठी बनला आणि पुढे घरोघरी गेला. पी७२ लेस पिंकहॅम या खालच्या लीगमधल्या खेळाडूसाठी १९५४ मध्ये बनला, तो मोठ्या लीगमध्ये कधी पोचलाच नाही. डेरेक जीटर त्याच नमुन्याने कारकीर्दभर खेळला. २०१४ मध्ये त्याच्या निवृत्तीच्या वेळी कंपनीने पी७२ हे नावच निवृत्त केलं. तोच आकार आता डीजे२ म्हणून मिळतो.

सी२७१ ची अजून एक ओळख म्हणजे टोकाला वाटीसारखा खळगा. ही कल्पना जपानकडून आली, १९७५ मध्ये मोठ्या लीगने मान्य केली. नियमाने खळगा सव्वा इंचापेक्षा खोल नको. यामुळे टोकाचं वजन जाऊन बॅट लवकर फिरते, आणि जरा जड, घट्ट दांडाही वापरता येतो.

जुनाबाजार

चांगला धागा. माझ्याकडे विक्रीला एक बॅट आली आहे, लाकडी, ३४ इंच. पोटावर बेब रूथची सही छापलेली. मुठीच्या गोट्यावर खाली '३४' असा आकडा. १२५ आहे. रूथच्या काळची असेल का? किती सांगू?

रंधा

किंमत सांगू नका अजून. क्रमाने तपासा.

पहिली गोष्ट, सहीला भुलू नका. रूथ, कॉब वगैरेंच्या सह्यांच्या बॅटा दुकानांत विकायला बनत, आणि खेळाडू निवृत्त झाल्यावरही कित्येक वर्षं बनत राहिल्या. सही म्हणजे त्याने धरलेली बॅट नव्हे, त्याच्या नावाचा माल.

मग गोट्याचं बूड. दुकानी मालावर तिथे इंचांतली लांबी असते, तुमचे '३४' म्हणजे तेच. खेळाडूंना पाठवलेल्या बॅटांवर १९४०च्या दशकाच्या मध्यापासून तिथे नमुन्याचा क्रमांक मारत, आर४३ सारखा, आणि १९७०च्या दशकाच्या मध्यानंतर तो पोटावर गेला. त्याआधीच्या बॅटांवर बूड कोरंही असू शकतं, तेव्हा कोरं म्हणजे खोटं असं नाही.

सगळ्यात कामाचा मधला लंबगोल. 'जे. एफ. हिलरिच अँड सन' असेल तर १८९७ ते १९१०च्या दशकाची सुरुवात. 'हिलरिच अँड ब्रॅड्सबी' असेल तर १९१६ ते साधारण १९७९. आणि लंबगोलात कंपनीऐवजी 'लुईव्हिल स्लगर' हेच नाव असेल तर १९८० च्या सुमारापासून पुढची.

छाप पुसट असेल तर पातळ कागद ठेवून पेन्सिलीची शिस आडवी हलक्या हाताने फिरवा, खड्ड्यातली अक्षरं उठतात. पॉलिशपेपर अजिबात मारू नका. मूळ पॉलिश गेलं की संग्राहकाच्या दृष्टीने बॅट गेली. आणि बॅट चुकून वजनाला फार हलकी लागली तर सीएनसीवर केलेली भिंतीवरची शोभेची प्रत आहे का, हेही बघा.

कोकणकडा

एक व्यावहारिक प्रश्न. पावसाळ्यात अशी बॅट ठेवायची कशी? क्रिकेटच्या बॅटसारखं जवसाचं तेल लावायचं का?

घडीव

नको. विलोला तेल लावतात कारण ती मऊ असते, पृष्ठभाग उघडा असतो आणि तिला ठोकून तयार करावं लागतं. अॅश आणि मेपल कडक, वर लॅकरचा थर. लॅकर असेल तर तेल आत जातच नाही, वर चिकट राहून धूळ धरतं. जुन्या 'ऑइल फिनिश' छापाच्या बॅटला वर्षाकाठी चार थेंब, फडक्याने पुसून, चालतील.

त्रास ओलाव्याचा. ८ टक्के ओलाव्याला ९०७ ग्रॅम असलेली बॅट १२ टक्क्यांवर गेली की साधारण ९४० ग्रॅम होते. सव्वा औंस वाढला. खेळणाऱ्याला एवढा फरक हातात कळतो. जपानी खेळाडू इचिरो सुझुकी बॅटा आर्द्रता राखणाऱ्या पेटीत ठेवायचा ते उगीच नाही. घरी प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या चारपाच पुड्या टाकून आडवी ठेवा, आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर महिन्यातून एकदा वजन बघा. वाढ दिसली की पुड्या बदला. उन्हात वाळवू नका आणि गाडीच्या डिकीत विसरू नका, एका अंगाने वाळून बाक येतो.

शाळेत सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी : बेसबॉलची बॅट सॉफ्टबॉलला चालत नाही. सॉफ्टबॉलच्या बॅटचं पोट सव्वादोन इंचांपर्यंतच, मोठ्या लीगच्या बेसबॉलला २.६१ इंच. २०१० पर्यंत तिथे पावणेतीन चालत असे. स्वस्तात मिळाली म्हणून घेऊ नका, पंच बाजूला ठेवायला लावतील.

शंकासुर

अॅश अॅश करताय, पण अॅश उरलाय का? २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ एक हिरवा चकचकीत किडा सापडला, पूर्व आशियातून आलेला. अळी सालीखाली नागमोडी बोगदे करून झाडाचा अन्नरस तोडते, आणि मोठा किडा बाहेर पडतो ते भोक इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचं, तीनचार मिलिमीटरचं. ते भोक दिसेपर्यंत झाड गेलेलंच असतं. कंपनीने १९५४ मध्ये लॅरिमर अँड नॉर्टन ही लाकडाची कंपनी विकत घेतली होती, पेनसिल्वेनिया-न्यूयॉर्कच्या अॅशसाठी. तेच पट्टे आता किडलेत. खेळाडू मेपल आणि बर्चकडे गेले त्यात बॉन्ड्सचा वाटा आहे, तसा या किड्याचाही आहे.

आणि बॅट विकत कोण घेतं हाही प्रश्न. १९७४ मध्ये कॉलेजच्या बेसबॉलला अॅल्युमिनियम चालायला लागलं. लाकडी बॅट मोडते, ती टिकते, शाळांनी हिशोब केला. कंपनीने स्वतःही अॅल्युमिनियमच्या बॅटा काढल्या, पण लाकडात जो दरारा होता तो धातूत कधी आला नाही. २०१५ मध्ये लुईव्हिल स्लगर हे नाव विल्सन या खेळसामानाच्या कंपनीला ७ कोटी डॉलरना विकलं. लाकडी बॅटा अजून हिलरिच अँड ब्रॅड्सबीच लुईव्हिलमध्ये बनवते, विल्सनसाठी, आणि संग्रहालयही त्यांच्याकडेच. म्हणजे नाव दुसऱ्याचं, हात जुनेच.

सुतारपक्षी

शेवटचं वाक्य जरा कडू आहे, पण चूक नाही. पूर्वी लंबगोलातलं कंपनीचं नाव काढून ब्रँडचं टाकलं तेव्हाच दिशा दिसत होती.

जुनाबाजार

रंधाजी, पेन्सिलीने कागदावर उठवलं. लंबगोलात मोठ्या अक्षरांत 'लुईव्हिल स्लगर' आहे. हिलरिच वगैरे त्यात नाही.

रंधा

मग १९८० च्या सुमाराची किंवा त्यानंतरची दुकानी बॅट, रूथ जाऊन तोवर तीसेक वर्षं झालेली. तशीच लिहून विका. लाकूड अॅश आहे का तेवढं बघा, छापाखाली रुंद कमानी दिसतात का. असेल तर घेणाऱ्याला सांगा, खेळायला चालेल, फक्त छाप वर.